एलएलडीपी चालू करा, पण आधी फोन आणि पीओई बघून घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कळंगुटच्या रिसॉर्टचं नेटवर्क नुकतंच तुमच्या गळ्यात पडलंय आणि आधीच्या माणसाने नकाशा ठेवलेला नाही. रिसेप्शनच्या ब्लॉकमध्ये सिस्को कॅटॅलिस्ट स्विच, नंतर बांधलेल्या ब्लॉकमध्ये जुने अरुबा स्विच. सिस्कोवर ‘शो सीडीपी नेबर्स’ मारलं की फक्त सिस्कोच दिसतात. एका कॅटॅलिस्टवर एलएलडीपी (तारेच्या पलीकडच्या शेजाऱ्याला आपली ओळख सांगायची पद्धत) चालू केलं तर पोर्ट २३ वर एकदम तीन शेजारी आले, म्हणून तुम्ही लगेच बंद केलं. ऐन सीझनमध्ये सगळीकडे चालू करावं का?

करा. सीडीपी ही ओळख सांगायची सिस्कोची घरची पद्धत आहे आणि त्या जुन्या मालिकेतले अरुबा सीडीपी ऐकतात, बोलत नाहीत. म्हणून अरुबावरून सिस्को दिसेल, उलट दिसणार नाही. एलएलडीपी म्हणजे आयईईई ८०२.१एबी, २००५ चं मानक, कुठल्याही कंपनीच्या डब्याला कळतं. दर ३० सेकंदांनी पोर्टमधून एक छोटी फ्रेम जाते: मी कोण, हा माझा कुठला पोर्ट, आणि ही माहिती किती वेळ खरी धरायची. त्याने लिंक पडत नाही, स्पॅनिंग ट्री (तारांचं वर्तुळ तयार झालं तर एक जोडतार अडवून ठेवणारी यंत्रणा) हलत नाही. धोका आहे तो फोन आणि पीओईकडून (म्हणजे नेटवर्कच्या तारेतूनच दिली जाणारी वीज), आणि त्याबद्दल सहसा कोणी सांगत नाही.

आधी फोन. एलएलडीपी-मेड नावाची पुरवणी आहे, त्यातून स्विच फोनला सांगतो की तुझा आवाज अमुक व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क), अमुक प्राधान्याने पाठव. तुमच्या कॅटॅलिस्टच्या पोर्टवर कोणीतरी कधीकाळी ‘स्विचपोर्ट व्हॉइस व्हीलॅन’ लिहून ठेवलं असेल आणि खोल्यांतले फोन सिस्कोचे नसतील, तर आजवर त्या ओळीकडे बहुतेक कोणी लक्षच दिलेलं नाही. फोन डेटा व्हीलॅनमध्ये सुखात आहेत. एलएलडीपी चालू झालं की तेच फोन व्हॉइस व्हीलॅनकडे धावतील. तिथे डीएचसीपी (आयपी पत्ते वाटणारी सेवा) नसेल तर मेले. त्यात अनेक फोन ही विचारपूस फक्त बूट होताना करतात. म्हणजे तुम्ही दुपारी बदल केलात, सगळं ठीक दिसलं, आणि रात्री दोन मिनिटं वीज गेली की पहाटे रिसेप्शनवरून ओरड. म्हणून ‘शो रन’मध्ये (स्विचची चालू कॉन्फिग) व्हॉइस व्हीलॅन शोधा, त्याला डीएचसीपी स्कोप आहे का बघा, मग एकच फोन मुद्दाम रीबूट करून तपासा.

दुसरं पीओई. ८०२.३एएफमध्ये स्विच पोर्टला १५.४ वॅटपर्यंत देतो, ८०२.३एटीमध्ये ३० पर्यंत, आणि काही अॅक्सेस पॉइंट जास्तीची वीज एलएलडीपीतूनच मागतात. आतापर्यंत ते कमी विजेवर, एखादा रेडिओ मंद करून चालले असतील. आता मागायला लागले की ‘शो पॉवर इनलाइन’मधला शिल्लक आकडा खाली येईल. स्विच आधीच काठावर असेल तर शेवटचा कॅमेरा बंद पडू शकतो. हा आकडा आधी लिहून ठेवा.

एवढं झालं की काम पाच मिनिटांचं. कॅटॅलिस्टवर ग्लोबल कॉन्फिगमध्ये ‘एलएलडीपी रन’; तिथे ते सहसा मुळात बंदच असतं. जुन्या अरुबावर मुळात चालू असतं, ‘शो एलएलडीपी इन्फो रिमोट-डिव्हाइस’ने बघा. ३० सेकंद आणि चौपट होल्ड (माहिती खरी धरायची मुदत), म्हणजे साधारण १२० सेकंद, हे आकडे आहेत तसेच राहू द्या. लोक ५ सेकंद करून ठेवतात, का ते देव जाणे. सीडीपी बंद करू नका. सिस्कोचे फोन किंवा अॅक्सेस पॉइंट असतील तर त्यांना त्याची सवय असते, आणि दोन्ही शेजारी शेजारी चालतात. लिंक एकत्र बांधलेल्या असतील तर एलएलडीपी प्रत्येक खऱ्या तारेवर वेगळं दिसतं, बांधलेल्या पोर्ट-चॅनलवर नाही. ते बरंच आहे, नेमकी कुठली तार चुकीच्या स्विचला गेलीय ते तिथेच पकडता येतं.

आता पोर्ट २३. तुम्ही ज्याला घाबरलात ती सगळ्या तक्त्यातली सर्वात कामाची ओळ आहे. एलएलडीपीची फ्रेम ज्या पत्त्यावर जाते, ०१:८०:सी२:००:००:०ई, तो पत्ता कुठल्याही नियमाने वागणाऱ्या स्विचने पुढे ढकलायचा नसतो. एका तारेवर एकच शेजारी दिसायला हवा. तीन दिसतात याचा अर्थ मध्ये एक बिनमॅनेज्ड डबा (काहीच सेटिंग करता न येणारा साधा स्विच) बसलाय, जो ती फ्रेम साध्या मल्टिकास्टसारखी सगळ्या पोर्टांवर उधळतो आणि स्वतः मात्र काहीच बोलत नाही. तुमच्या यादीत स्विमिंग पूलकडचा अरुबा, एक अॅक्सेस पॉइंट आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आहे, म्हणजे म्हापशाच्या बाजारातून आणलेला पाच पोर्टचा डबा पूलच्या आसपास, बहुधा पंपरूमच्या फॉल्स सीलिंगवर सापडेल. ‘शो मॅक अॅड्रेस-टेबल’ त्याच पोर्टसाठी काढा. तीनपेक्षा जास्त मॅक (प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा पत्ता) दिसले तर डब्याला अजूनही काही लटकलंय. यादीत तुमच्याच स्विचचं नाव दिसलं तर मात्र हातातलं काम सोडून आधी तिथे जा, कुठेतरी तार फिरून परत आलीय.

त्या डब्यामुळे आणखी एक घोळ होतो. थेट तार निघाली तर लिंक पडते आणि शेजारी लगेच यादीतून जातो. पण डब्यापलीकडचा अरुबा बंद पडला तरी तुमचा पोर्ट चालूच असतो, त्यामुळे तो मुदत संपेपर्यंत, म्हणजे दोन मिनिटं, यादीत जिवंत दिसत राहतो. तक्ता बघून ‘स्विच चालू आहे’ असं वरच्यांना सांगू नका.

आणि एलएलडीपी एकतर्फी आहे. तुम्हाला अरुबा दिसतो याचा अर्थ त्यालाही तुम्ही दिसता असा नाही, दोन्हीकडून बघा. एकाच बाजूला दिसलं तर दुसरीकडे ट्रान्समिट किंवा रिसीव्ह बंद असेल, किंवा फायबरची एक कोर गेली असेल; पावसाळ्यानंतर गोव्यात हे दुसरं कारण आधी तपासावं. व्हीलॅन चुकला तरी एलएलडीपी दिसत राहतं, कारण ही फ्रेम बिनटॅगची जाते. शेजारी दिसतो पण पिंग होत नाही, तर ट्रंक (अनेक व्हीलॅन नेणारी स्विचांमधली जोडणी) तपासा. स्पॅनिंग ट्रीने अडवलेली जोडतारही यात दिसते, नकाशासाठी ते सोन्यासारखं.

सर्वात शेवटी गेस्टकडचे पोर्ट. फ्रेममध्ये स्विचचं मॉडेल, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि मॅनेजमेंटचा आयपी जातो. खोलीतल्या भिंतीच्या जॅकला लॅपटॉप लावणाऱ्या पाहुण्याला हे सांगायची गरज नाही. जिथे फोन नाही तिथे ‘नो एलएलडीपी ट्रान्समिट’ टाका. रिसीव्ह ठेवलंत तर कोणी स्वतःचा राउटर आणून लावला की कधी कधी यादीत दिसतो. जिथे फोन आहे तिथे ट्रान्समिट लागेलच, तेव्हा ‘एलएलडीपी टीएलव्ही-सिलेक्ट’ने (फ्रेममध्ये कुठली माहिती जावी ते निवडणारी आज्ञा) सिस्टिम डिस्क्रिप्शन आणि मॅनेजमेंट पत्ता काढून टाका. बऱ्याच कॅटॅलिस्टवर ही निवड अख्ख्या स्विचला लागू होते, म्हणून नकाशा पूर्ण झाल्यावरच करा. इंटरनेटवाल्याकडे जाणाऱ्या पोर्टवर ट्रान्समिट, रिसीव्ह आणि सीडीपी, तिन्ही बंद.

पोर्ट २३ चा ‘शो एलएलडीपी नेबर्स डिटेल’ इथे टाकलात तर चेसिस आयडी (त्या उपकरणाची ओळख) बघून डब्यामागे काय काय आहे ते सांगता येईल. आयपी तेवढे पुसून टाका.