मराठीतला प्रश्न भाषा मॉडेलला देऊन थेट स्पार्कल क्वेरी (विकिडेटासारख्या माहितीसाठ्याला त्याच्या भाषेत विचारलेला प्रश्न) लिहून घेतली तर चालेल का?

क्वेरी चालेल. उत्तर चुकेल, आणि एररही दिसणार नाही.

बडोद्यातल्या एका छोट्या कंपनीत आम्ही हेच बनवत होतो. गायकवाड घराण्याची माहिती विकिडेटाच्या, म्हणजे विकिपीडियाच्या जोडीच्या खुल्या माहितीसाठ्याच्या, धर्तीवर मांडली होती. डेमोला दांडिया बाजारातले एक निवृत्त काका आले होते. त्यांनी विचारलं, "सयाजीरावांच्या आधी गादीवर कोण होतं?" पडद्यावर आलं: आनंदराव. काका ताडकन म्हणाले, "अहो, मल्हारराव!"

क्वेरीत काना-मात्रेचीही चूक नव्हती. पण सयाजीराव तीन झाले. दुसऱ्यांच्या (१८१९ ते १८४७) आधी आनंदरावच होते. तिसऱ्यांच्या आधी मल्हारराव, ज्यांना इंग्रजांनी १८७५ मध्ये गादीवरून काढलं. मॉडेलने दुसरे उचलले. बडोद्यात नुसतं 'सयाजीराव' म्हटलं की तिसरेच, हे इथल्या शाळकरी पोरालाही कळतं.

आमच्या सिनियरना मी आधीपासून सांगत होतो की एका नावाच्या अनेक नोंदी सापडल्या तर विचारणाऱ्यालाच विचारा, कोणते? त्यांचं ठाम मत, उलट प्रश्न करणारं सॉफ्टवेअर कोणी वापरत नाही. डेमोनंतरही तेच! हे साफ चूक आहे. शालू दाखवा म्हटल्यावर दुकानदार "केवढ्यापर्यंतचा?" विचारतो, म्हणून कोणी दुकानातून उठून जातं का? तिसरे सयाजीराव तर दत्तक. 'त्यांचे वडील कोण' याचं उत्तर जन्मदाते काशीराव की ज्यांच्या गादीवर दत्तक आले ते खंडेराव, हे न विचारता कसं ठरवणार?

तुमच्यासाठी एवढंच: क्यू क्रमांक (माणूस, गाव अशा नोंदींचे) आणि पी क्रमांक (पद, जन्मतारीख अशा गुणधर्मांचे) मॉडेलच्या आठवणीतून घेऊ नका, ते बेधडक खोटे क्रमांक देतं. आधी नावं आणि उपनावं (बडोदा, बडोदे, वडोदरा) शोधून नोंद पक्की करा, मग क्वेरी. 'कोणाच्या आधी', 'केव्हापासून' असले प्रश्न असतील तर पी३९ वर (हा 'भूषवलेलं पद' सांगणारा गुणधर्म) नुसतं डब्ल्यूडीटी, म्हणजे थेट मूल्य देणारा उपसर्ग, लावून भागत नाही. त्याने फक्त पद मिळतं. कार्यकाळ आणि पूर्वाधिकारी क्वालिफायरमध्ये, म्हणजे त्या पदाच्या विधानाला जोडलेल्या जादा तपशिलात असतात, तिथे पी (पूर्ण विधान), पीएस (त्याचं मूल्य), पीक्यू (त्याचे क्वालिफायर) हे उपसर्ग हाच रस्ता.

हां, एखाद्याची जन्मतारीख, एखाद्या देशाची राजधानी असे सरळ प्रश्न असतील तर उलट विचारायची गरज क्वचितच पडते. आणि 'किती' विचारणाऱ्या प्रश्नांत नोंदीच अपुऱ्या असल्या तर अचूक क्वेरीही कमी आकडा देईल. पण घराणी, संस्थानं, गावं यांत हात घालणार असाल तर उलट प्रश्नाचा पडदा पहिल्याच आवृत्तीत ठेवा, आणि वरिष्ठ तो काढायला सांगतील तेव्हा त्यांना दोन नंबरचे सयाजीराव दाखवा.