कंपनीच्या रिंग प्रोटोकॉलभोवती खुले मानक उभारता येईल का?

आपला प्रश्न मी जसा समजलो तसा आधी मांडतो. रत्नागिरीजवळच्या आपल्या महाविद्यालयाच्या आवारात इमारतींना जोडणारी फायबरची एक रिंग आहे. तिच्यावरचे सर्व नेटवर्क स्विच एकाच कंपनीचे आहेत आणि रिंग कुठे तुटली तर वाहतूक उलट्या बाजूने वळवण्याचे काम त्या कंपनीचा स्वतःचा प्रोटोकॉल (उपकरणांनी आपसांत बोलण्याचे नियम) करतो. वळवाच्या पावसात वीज पडून एक स्विच जळाला, त्याच बनावटीचा दुसरा लगेच मिळाला नाही, आणि वेगळ्या कंपनीचा आणला तर तो रिंगमध्ये सामील होईना. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी वायरशार्क या जाळ्यावरची वाहतूक दाखवणाऱ्या प्रोग्रामवर फ्रेम (जाळ्यावरून जाणारे माहितीचे तुकडे) पकडून त्या प्रोटोकॉलची बरीच उकल केली असून, ती लिहून काढून खुले मानक म्हणून मांडावी काय, असे आपण विचारले आहे.

उकल अवश्य लिहून काढावी, पण तिला मानक म्हणू नये, आणि रिंगच्या अडचणीवर उपाय म्हणून तिच्यावर विसंबू नये, असे माझे मत आहे. एखाद्या कंपनीच्या प्रोटोकॉलचे वर्णन करणे आणि तो प्रोटोकॉल जे काम करतो त्याच कामासाठी मानक घडवणे, ही दोन निराळी कामे आहेत. ती एकत्र केली की दोन्ही अर्धवट राहतात.

एका जुन्या उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. एक राउटर बंद पडला तर दुसऱ्याने त्याचा आयपी पत्ता आपोआप उचलावा यासाठी सिस्को या नेटवर्क उपकरणे बनवणाऱ्या कंपनीचा एचएसआरपी हा प्रोटोकॉल होता. त्याचे वर्णन मार्च १९९८ मध्ये आरएफसी २२८१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांची क्रमांकित मालिका) म्हणून प्रसिद्ध झाले, पण केवळ माहितीपर दस्तऐवज या दर्जाने. पुढच्याच महिन्यात आरएफसी २३३८ आला आणि त्यात याच कामासाठी आयईटीएफ या इंटरनेटची मानके घडवणाऱ्या संस्थेच्या कार्यगटाने घडवलेला व्हीआरआरपी मानकाच्या मार्गावर मांडलेला होता. व्हीआरआरपीने एचएसआरपीची नक्कल केली नाही. एचएसआरपी यूडीपी या पोच न मागता संदेश पाठवणाऱ्या प्रोटोकॉलच्या १९८५ क्रमांकाच्या पोर्टवर चालतो, तर व्हीआरआरपीने स्वतःचा ११२ हा आयपी प्रोटोकॉल क्रमांक घेतला. एचएसआरपीत कामावरचा आणि राखीव असे दोन्ही राउटर संदेश पाठवत राहतात, तर व्हीआरआरपीत फक्त मुख्य राउटर बोलतो आणि बाकीचे ऐकतात. म्हणजे प्रश्न तोच होता, पण उत्तर नव्याने आणि अनेकांच्या संमतीने लिहिले गेले. आज व्हीआरआरपी जवळपास प्रत्येक उत्पादकाच्या राउटरवर आढळतो आणि त्याची अलीकडची आवृत्ती, आरएफसी ९५६८, २०२४ मधली आहे.

याउलट ईआयजीआरपीचे पाहा. सिस्कोने १९९० च्या दशकात आणलेला हा राउटिंग प्रोटोकॉल तांत्रिकदृष्ट्या उत्तम होता, यावर वाद घालण्याचे कारण नाही. २०१३ मध्ये कंपनीने तो खुला करण्याचे जाहीर केले आणि मे २०१६ मध्ये त्याचे वर्णन आरएफसी ७८६८ म्हणून आले, पण तेही माहितीपर आणि आयईटीएफच्या कार्यगटातून न येता स्वतंत्र सादरीकरणाच्या वाटेने. तोवर ओएसपीएफ हा खुला राउटिंग प्रोटोकॉल सर्वत्र रुजला होता. इतर उत्पादकांना ईआयजीआरपी वाचता आला, पण तो पुढे कसा बदलेल यात त्यांना आवाज मिळाला नाही, आणि म्हणून त्यावर मेहनत घेण्याचे कारणही उरले नाही. शेजाऱ्याच्या विहिरीवरून आलेल्या पाटाचे पाणी आपल्या आगरात पोचत असले तरी बारे फिरवायचे त्याच्या हातात असते, तसाच हा प्रकार. आरएफसी क्रमांक मिळाला म्हणजे मानक झाले, हा समज इतका जुना आहे की १९९५ मध्येच तो खोडून काढणारा आरएफसी १७९६ लिहावा लागला होता.

आपल्याला खरोखर ज्याचा अभ्यास करावासा वाटेल ते उदाहरण मात्र आयपीफिक्स या वाहतुकीच्या नोंदींच्या मानकाचे आहे, कारण तिथे कंपनीच्या प्रोटोकॉलमधूनच मानक यशस्वीपणे उभे राहिले. वाहतुकीच्या नोंदी राउटरवरून बाहेर काढण्यासाठी सिस्कोचा नेटफ्लो होता. आयईटीएफच्या कार्यगटाने त्याला थेट उचलले नाही. आधी गरजा काय आहेत हे लिहिले (आरएफसी ३९१७), मग नेटफ्लोच्या नवव्या आवृत्तीसह पाच प्रोटोकॉल त्या गरजांवर तपासले (आरएफसी ३९५५), आणि त्यानंतर नेटफ्लो हा पाया म्हणून निवडला. हे सर्व दस्तऐवज ऑक्टोबर २००४ चे आहेत. निवड झाल्यावरही जसाच्या तसा स्वीकार झाला नाही. नोंदी वाटेत गहाळ होऊ नयेत म्हणून यूडीपीऐवजी एससीटीपी या पोच घेणाऱ्या वाहक प्रोटोकॉलचा आधार प्रत्येक अंमलबजावणीसाठी आवश्यक ठरवला गेला, आणि प्रत्येक माहितीघटकाचा क्रमांक व अर्थ यांची नोंदवही आयएएनए या इंटरनेटचे क्रमांक सांभाळणाऱ्या त्रयस्थ संस्थेकडे गेली. आयपीफिक्सच्या संदेशाच्या शीर्षभागात आवृत्ती क्रमांक १० असतो, त्यात त्याची वंशावळ आजही दिसते.

त्या रचनेतील एक गोष्ट विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवा. माहितीघटकाच्या क्रमांकाचा पहिला बिट १ असेल तर त्यामागे कंपनीचा आयएएनएने दिलेला ३२ बिटांचा क्रमांक येतो आणि तो घटक त्या कंपनीचा खासगी समजला जातो. ज्या संग्राहकाला (नोंदी गोळा करणाऱ्या यंत्राला) तो कळत नाही, तो लांबी पाहून त्याला ओलांडून पुढे जातो आणि उरलेली नोंद नीट वाचतो. एलएलडीपी या शेजारी उपकरणे ओळखण्याच्या प्रोटोकॉलमध्ये १२७ क्रमांकाचा टीएलव्ही (प्रकार, लांबी, मजकूर असा घटक) आणि रेडियस या प्रवेश-तपासणीच्या प्रोटोकॉलमध्ये २६ क्रमांकाचे अॅट्रिब्यूट याच कामासाठी राखलेले आहे. कंपन्या आपापली वैशिष्ट्ये घालणारच, हे गृहीत धरून त्यांना एक कोपरा नेमून देणे आणि तो न समजणाऱ्या उपकरणाचेही काम अडणार नाही अशी तजवीज करणे, यात मानक घडवणाऱ्यांचे खरे कौशल्य दिसते. ज्या मानकांत असा कोपरा नसतो तिथे कंपन्या राखीव बिट वापरू लागतात आणि मग पुढची आवृत्ती काढणे कठीण होऊन बसते.

आता आपल्या विद्यार्थ्यांच्या कामाकडे येतो. पकडलेल्या फ्रेमवरून रचना कळते, वागणूक पूर्ण कळत नाही. आयटीयू-टी या आंतरराष्ट्रीय दूरसंचार मानक संस्थेचे जी.८०३२ हे रिंगसाठीचे खुले मानक २००८ पासून उपलब्ध आहे. त्यात रिंगचा एक दुवा मुद्दाम अडवून ठेवलेला असतो, आणि दुसरीकडे तुटल्याची खबर आली की त्या दुव्याचा मालक नोड (रिंगमधला स्विच) तो खुला करतो. एवढे कोणत्याही कॅप्चरमध्ये दिसेल. पण त्याच मानकात गार्ड टायमर नावाचा एक काळ आहे, सामान्यतः ५०० मिलिसेकंदांचा. तुटलेला दुवा पूर्ववत झाल्यावर रिंगमध्ये फिरत राहिलेले जुने संदेश खरे मानले जाऊ नयेत म्हणून तेवढा वेळ आलेले रिंगचे संदेश नोड दुर्लक्षितो. एखादी फ्रेम दुर्लक्षिली गेली हे कॅप्चरमध्ये कुठे दिसणार? तसेच पूर्ववत झालेल्या दुव्यावर लगेच न परतता काही मिनिटे थांबण्याचा टायमर असतो. खाऱ्या हवेने गंजलेला जोड दर अर्ध्या मिनिटाला लागत-सुटत असेल तेव्हाच त्याचे महत्त्व कळते. आपल्या कंपनीच्या प्रोटोकॉलमध्येही असे न दिसणारे नियम असणार. दोन ठिकाणी एकाच वेळी रिंग तुटली, मुख्य स्विच पुन्हा सुरू होत असताना दुवा जोडला गेला, संदेश एकाच दिशेने जात आहेत, अशा प्रसंगांत तो काय करतो हे प्रयोगाने तपासावे लागेल, आणि तरीही पुढच्या फर्मवेअरमध्ये (स्विचच्या आतल्या प्रोग्राममध्ये) ते बदलणार नाही याची हमी नसेल. सांबा या मुक्त प्रोग्रामच्या मंडळींनी १९९२ पासून मायक्रोसॉफ्टच्या फाइलवाटपाच्या प्रोटोकॉलचा असाच मागोवा घेतला आणि जगाला उपयोगी वस्तू दिली, परंतु अधिकृत कागदपत्रे त्यांच्या हाती आली ती डिसेंबर २००७ मध्ये, युरोपीय न्यायालयाच्या निकालानंतर.

कायद्याची बाजू थोडक्यात. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(एबी) प्रमाणे, स्वतंत्रपणे लिहिलेल्या प्रोग्रामचे इतर प्रोग्रामशी जुळवून काम व्हावे यासाठी आवश्यक ती माहिती मिळवणे, ती अन्यथा सहज उपलब्ध नसेल तर, कायदेशीर धारकाला मोकळे आहे. पेटंट हा वेगळा विषय आहे. व्हीआरआरपीवर सिस्कोने पेटंटचा दावा सांगितल्यामुळे ओपनबीएसडी या मुक्त संगणक प्रणालीच्या मंडळींनी कार्प हा निराळा प्रोटोकॉल लिहिला. त्यांना अधिकृत क्रमांक मिळाला नाही, म्हणून त्यांनी ११२ हाच क्रमांक वापरला, आणि दोघांचे आभासी मॅक (हार्डवेअर) पत्तेही एकाच पट्ट्यातले असल्याने एकाच जाळ्यावर सारखा गट क्रमांक दिल्यास आजही घोटाळा होतो. आयईटीएफमध्ये मसुदा मांडणाऱ्याने स्वतःचे किंवा आपल्या संस्थेचे, त्याला माहीत असलेले संबंधित पेटंट उघड करणे बंधनकारक असते. कंपनीची कागदपत्रे गोपनीयतेच्या करारावर कुणाच्या हाती आली असतील, तर ती व्यक्ती या लेखनापासून दूर ठेवा.

मानकच घडवायचे असेल तर ते कुठे, हाही प्रश्न आहे. रिंगचे काम दुसऱ्या थराचे (आयपीच्या खालचे, फ्रेम पोचवण्याचे) असल्याने त्याचे घर आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेचा ८०२.१ गट किंवा आयटीयू-टी हे आहे. आयईटीएफमध्ये कुणालाही विनाशुल्क मसुदा टाकता येतो, पण तो सहा महिन्यांत कालबाह्य होतो आणि कार्यगटाने उचलला नाही तर तिथेच संपतो. एक्स्ट्रीम नेटवर्क्सच्या ईएपीएस या रिंग प्रोटोकॉलचे वर्णन २००३ मध्ये आरएफसी ३६१९ म्हणून आले, तेही माहितीपरच. मुख्य स्विचने नियंत्रणाच्या व्हीलॅनवर (त्याच तारांवरच्या वेगळ्या आभासी जाळ्यावर) एका पोर्टने तपासणीची फ्रेम सोडायची आणि ती दुसऱ्या पोर्टवर परत आली की रिंग शाबूत समजायची, अशी त्याची रीत आहे. विद्यार्थ्यांनी तो आधी वाचावा. मोजक्या पानांचा आहे आणि आपल्या कंपनीचा प्रोटोकॉल त्याच कुळातला निघाला तर आश्चर्य वाटणार नाही.

म्हणून माझा सल्ला असा की विद्यार्थ्यांचे काम दोन भागांत विभागावे. पहिला भाग म्हणजे वर्णन आणि त्यासोबत वायरशार्कला तो प्रोटोकॉल वाचता यावा म्हणून लिहिलेला डिसेक्टर. त्यात निरीक्षण काय आणि अंदाज काय हे प्रत्येक ठिकाणी वेगळे लिहावे, फर्मवेअरची आवृत्ती नोंदवावी. दुसऱ्या भागात जी.८०३२ ची लिनक्सवरची अंमलबजावणी दोन गटांकडून, एकमेकांचा कोड न पाहता, केवळ दस्तऐवज वाचून करून घ्यावी. आयटीयूचे हे दस्तऐवज विनामूल्य उतरवून घेता येतात. दोन्ही गटांची यंत्रे एकाच रिंगमध्ये जिथे भांडतील तिथे एकतर कुणाचे वाचन चुकले असेल किंवा मानकाची भाषा संदिग्ध असेल, आणि दुसऱ्या प्रकारची प्रत्येक नोंद त्या मानकाच्या पुढच्या आवृत्तीसाठी मौल्यवान ठरेल. स्वतःचा काही नवा प्रयोग करायचा झाल्यास कंपनीचा ओयूआय (उत्पादकाचा क्रमांक) किंवा इथरटाइप (फ्रेममधला प्रोटोकॉलचा क्रमांक) वापरू नका. आयट्रिपलईने ८८बी५ आणि ८८बी६ हे दोन इथरटाइप स्थानिक प्रयोगांसाठीच राखले आहेत.

रिंगबाबत बोलायचे तर आपल्याकडे कातळ फोडून फायबर टाकण्याचा खर्च पाहता दुसरी वाट कुणी टाकत नाही, आणि दर पावसाळ्यात विजेने किंवा पाण्याने काहीतरी जाते. अशा ठिकाणी बदली माल मिळेल त्या बनावटीचा बसवावा लागणार, हे धरूनच खरेदी केली पाहिजे. पुढच्या निविदेत 'रिंग संरक्षणाची सोय असावी' असे मोघम न लिहिता जी.८०३२ ची दुसरी आवृत्ती असे स्पष्ट लिहा आणि दोन निराळ्या बनावटींच्या स्विचवर चाचणी दाखवण्याची अट घाला, कारण माहितीपत्रकात नाव असणे आणि दोन्ही एकत्र चालणे यांत अंतर असते. भारत सरकारचे ई-प्रशासनासाठीचे खुल्या मानकांचे धोरण नोव्हेंबर २०१० पासून आहे. खरेदी समितीत कुणी हरकत घेतली तर त्याचा दाखला उपयोगी पडतो.

सध्याच्या स्विचपैकी बऱ्याच मॉडेलांवर कंपनीच्या प्रोटोकॉलबरोबर जी.८०३२ चीही सोय असू शकते; मेनूमध्ये ती ईआरपीएस या नावाने शोधा. असल्यास बदल करताना आधी रिंगचा एक दुवा हाताने काढून तिची सरळ साखळी करा, मग एकेका स्विचवर जुना प्रोटोकॉल बंद करून नवा चालू करा, सर्व स्विच एका स्थितीत आल्याची खात्री झाल्यावरच तो दुवा पुन्हा जोडा. अर्धे स्विच एका प्रोटोकॉलवर आणि अर्धे दुसऱ्यावर असताना रिंग बंद केली तर लूप होऊन (फ्रेम न थांबता फिरत राहून) सारे आवार ठप्प होईल. आपल्याकडच्या स्विचची मॉडेले आणि फर्मवेअरच्या आवृत्त्या इथे लिहिल्यात, तर कोणत्यावर ही सोय आहे ते पाहून सांगता येईल.