‘फरारी उत्सर्जन’ की ‘कार्बन गळती’?

प्रश्न म्हापशाहून आला आहे. बारावीच्या मुलांना भूगोल शिकवणाऱ्या एका बाईंना देशवार आकड्यांचा तक्ता मराठीत करायचा आहे. त्यातल्या एका रकान्यावर लिहिले आहे, ‘ऊर्जा क्षेत्रातील फ्युजिटिव्ह कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन’. मराठी मजकुरात त्यांना कुठे ‘फरारी उत्सर्जन’ दिसले, कुठे ‘कार्बन गळती’. यातले कुठले घ्यावे, असे त्या विचारतात.

माझ्या मते दोन्ही नकोत.

‘कार्बन गळती’ आधी निकालात काढू, कारण ती जागा अडलेली आहे. एखाद्या देशाने कर लावला, नियम आवळले, की कारखानदार बिऱ्हाड उचलून ढिल्या नियमांच्या देशात जातो आणि तोच धूर तिथे सोडतो. अर्थशास्त्रात याला कार्बन लीकेज म्हणतात. युरोपीय संघाने पोलाद-सिमेंटच्या आयातीवर कार्बनचा आकार बसवला तो याच धास्तीने. ‘गळती’ हा शब्द तिकडे राहू द्यावा.

‘फरारी’ची अडचण वेगळी. मराठीत फरार होतो तो आरोपी. २०१८ सालच्या कायद्यातले फरारी आर्थिक गुन्हेगार आठवा. फरार होणाऱ्याला कुणीतरी धरून ठेवलेले असावे लागते, निदान कुणीतरी शोधत तरी असावे लागते. या रकान्यातल्या कार्बन डायऑक्साइडला बहुतेक वेळा कुणी अडवलेले नसते. उलट दार उघडून त्याला बाहेर काढलेले असते.

हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाची, म्हणजे आयपीसीसीची, २००६ सालची मार्गदर्शक तत्त्वे ऊर्जा क्षेत्राचे हिशेब वेगवेगळ्या कप्प्यांत मांडतात. इंधन कामासाठी जाळले की ते ज्वलनाच्या कप्प्यात. इंधन खाणीतून किंवा विहिरीतून काढताना, शुद्ध करताना, वापरणाऱ्यापर्यंत पोचवताना जे वायू हवेत जातात ते फ्युजिटिव्ह, मग ते नकळत सुटलेले असोत वा मुद्दाम सोडलेले. काजूच्या भट्टीवर उभे राहिलात तर चुलीतल्या लाकडांचा धूर हे ज्वलन आणि भाणाच्या, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या भांड्याच्या, तोंडाशी लावलेल्या मातीच्या लेपातून फुसफुसणारी वाफ हे फ्युजिटिव्ह. हे एवढेच असते तर ‘निसटते उत्सर्जन’ म्हणून मोकळे झालो असतो. मिथेनच्या बाबतीत तो शब्द बराचसा चालतोही, कारण मिथेन खरोखरच झडपांतून, सांध्यांतून, कोळशाच्या थरांतून निसटतो.

पण रकाना कार्बन डायऑक्साइडचा आहे आणि तिथे गंमत वेगळीच आहे. विहिरीतून वर आलेल्या नैसर्गिक वायूत बऱ्याचदा कार्बन डायऑक्साइड मिसळलेला असतो. तो जळत नाही, ओलाव्याबरोबर नळ पोखरतो, गिऱ्हाइकाला नको असतो. म्हणून वायू एका उंच मनोऱ्यात खालून सोडतात, वरून अमाइनचे द्रावण पडत असते. ते कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. दुसऱ्या मनोऱ्यात द्रावण तापवले की तो सुटतो, द्रावण पुन्हा कामाला लागते आणि वेगळा झालेला वायू पुष्कळ ठिकाणी थेट आकाशात. यात निसटणे कुठे आले? हे तर पाखडून टाकलेले फोल. नॉर्वेच्या स्लाइपनर क्षेत्रातल्या वायूत हे प्रमाण सुमारे ९ टक्के होते आणि विकायला ते २.५ टक्क्यांवर आणणे भाग होते. १९९१ साली तिथे समुद्रातल्या तेल-वायू उत्पादनावर कार्बन कर बसला. १९९६ पासून कंपनी हा वायू हवेत न सोडता समुद्रतळाखालच्या खडकात कोंबू लागली, वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास. हवेत सोडला असता तर तो नॉर्वेच्या याच रकान्यात चढला असता.

दुसरा मोठा वाटा ज्योतीचा. तेलविहिरींच्या फलाटावर रात्रंदिवस पेटलेली ज्योत असते, तिथे नको असलेला वायू जाळतात. हे चक्क जळणे आहे, तरी हिशेब फ्युजिटिव्हमध्येच, कारण त्या उष्णतेवर ना चाक फिरते ना चहा उकळतो. म्हणून ‘ज्वलनेतर उत्सर्जन’ हा पर्यायही बाद. झरियाच्या कोळशाला १९१६ पासून लागलेल्या आगी आठवा. असे बेलगाम जळणारे कोळशाचे साठेही याच सदरात.

गोव्यात आणखी एक घोळ आहे. आपल्याकडे ना कोळशाच्या खाणी, ना तेलविहिरी. तरी ‘फ्युजिटिव्ह’ हा शब्द वास्कोत आणि डिचोली-सांगेच्या खाणपट्ट्यात अहवालांतून कानावर पडलेला असतो. मुरगाव बंदरात जहाजातून उतरलेला, राशीत पडलेला, वाघिणींत भरून घाट चढून कर्नाटकात जाणारा कोळसा वाटेत जी भुकटी उडवतो, कोंकणीत ‘कोळशाचो पिठो’, तिला प्रदूषणाच्या भाषेत फ्युजिटिव्ह डस्ट म्हणतात. तिथे अर्थ एवढाच, की चिमणीतून न येता भलतीकडूनच उडालेली. पाणी मारा, ताडपत्री घाला, हे उपाय तिच्यासाठी. ती धूळ आहे, वायू नव्हे. खिडकीच्या गजांवर बसणाऱ्या त्या काळ्या थराचा या रकान्याशी संबंध नाही, हे मुलांना पहिल्याच तासाला सांगावे.

मग म्हणायचे काय? अर्थाला सगळ्यात चपखल आहे आपला ‘परस्पर’: कामाला न येता परस्पर हवेत गेलेले. पण ‘परस्पर उत्सर्जन’ असे शीर्षक दिले की दोन देश एकमेकांवर धूर सोडताहेत असे वाटेल. मी ‘वाटेतले उत्सर्जन’ सुचवतो. खाणीपासून वापरापर्यंतची वाट त्यात येते, मुद्दाम की नकळत हा प्रश्न उघडा राहतो. बंद पडलेल्या खाणींचा मिथेन त्यात नीट बसत नाही, पण या रकान्यापुरती ती अडचण नाही. रकान्यावर ‘इंधनाच्या वाटेतले (फ्युजिटिव्ह) कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन’ असे लिहावे, पुढे नुसते ‘वाटेतले’ पुरते.

बाईंनी जाता जाता ‘देशाचे’ की ‘देशातील’ हेही विचारले आहे. ‘देशातील’ घ्या. वायू जिथे बाहेर पडला तिथल्या खात्यावर चढतो: नॉर्वेचा वायू जर्मनीत जाळला तर तो धूर जर्मनीचा, पण शुद्ध करताना सोडलेला आणि ज्योतीत जाळलेला नॉर्वेचाच. ‘उत्सर्जने’ असे अनेकवचन मात्र नको. आपण ‘पाऊस वाढला’ म्हणतो, तसेच ‘उत्सर्जन वाढले’. आणि आकडे गिगाग्रॅममध्ये असतील तर घाबरू नका, एक गिगाग्रॅम म्हणजे सरळ १,००० टन. तक्त्यात ‘हजार टन’ लिहून टाका.