काकवी घालून रम पंच होतंय काय?

प्रश्न : आमचा धाकटा भाऊ जहाजावर नोकरीला हाय, तो सांगत होता की तिकडं बार्बाडोसला रम पंच लई भारी असतंय. गणपती झाल्यावर तो येणार, तवा घरी करायचा विचार हाय. पण ते सिरप, बिटर्स असलं निपाणीत कुठं शोधायचं? ओल्ड मंक आणि घरची काकवी चालती काय? का सरळ उसाचा रसच घालू?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : चालतंय की! बार्बाडोस पण उसाचाच मुलूख, तिथल्या माउंट गे रमची कागदपत्रं 1703 सालापासनं सापडतात, आणि रम होती ती साखर काढून उरलेल्या मळीची, त्यामुळं काकवीचं आणि तिचं चांगलं जमतंय.

तिकडचं प्रमाण पाठच करून टाका : एक आंबट, दोन गोड, तीन कडक, चार पाणी. म्हणजे 30 मिली लिंबाचा रस, 60 गोड, 90 रम, आणि 120 पाणी-बर्फ मिळून. दोघांना पुरतंय, प्रत्येकाला दीड छोटा पेग. आता गोडाचं नीट बघा, काकवी तशीच ओतली तर गारव्यात तळाला बसती, म्हणून निम्मं कोमट पाणी घालून सैल करा, गार होऊ द्या, आणि ओल्ड मंकला स्वतःचाच व्हॅनिलाचा गोडवा असतोय म्हणून आधी 40 मिलीच घाला, चाखा, मग वाढवा. लिंबू आपलं कागदीच घ्या, त्यालाच तिकडं वेस्ट इंडियन लाइम म्हणतात. बाटलीतलं लाइम कॉर्डियल मात्र नको, नुसता पाक असतोय तो.

बिटर्स, म्हणजे थेंबभर घालायचा मसाल्याचा कडू अर्क, नाही मिळालं तर राहू द्या. जायफळ मात्र सोडू नका, तिकडच्याच ग्रेनाडा देशानं तर ते झेंड्यावरच काढलंय! पुरणात घालतो तेच, पण पूड करून ठेवलेली नको, पितानाच वरनं चिमूटभर किसा.

उसाचा रस म्हणाल तर घटकाभरात काळा पडतो आणि रसवंतीवाल्यानं त्यात आलं-लिंबू आधीच पिळलेलं असतंय. तिकडच्याच मार्टिनिक बेटावर रसाचीच रम करतात हे खरं, पण तो आंबवून भट्टीत काढलेला. हौसच असंल तर पाण्याच्या जागी रस घाला आणि काकवी पूर्ण काढा.

आणि हो, गोव्यात स्वस्त मिळती म्हणून चोर्ला घाटातनं बाटल्या आणायला सांगू नका भावाला, एक्साईजवाल्यांनी धरलं तर पार्टी तिथंच. पाहुणे जास्त असले तर बर्फ सोडून सगळं तासभर आधी मिसळून फ्रीजला ठेवा, बर्फ ग्लासातच.