इझनिक टाइल्स बघताना अर्थाची घाई नको

तुर्कस्तानातल्या इझनिक गावच्या रंगीत नक्षीदार टाइल्स तिथल्या जुन्या मशिदींच्या भिंतींवर दिसतात. प्रत्येक फुलाचा अर्थ पाठ करून त्या बघायला जाऊ नका. गाइड मंडळी प्रत्येक पाकळीला आध्यात्मिक अर्थ चिकटवतात, त्यातलं बरंचसं नंतरचं आहे. आधी फुलं ओळखायला शिका: ट्यूलिप, कार्नेशन, हायसिंथ, गुलाब. ऑटोमन (तुर्की) सुलतान सुलेमानच्या दरबारी चित्रशाळेतल्या कारा मेमीने १६व्या शतकात ही बागेतली फुलं नक्षीत रुळवली. त्याच्याआधीच्या शाह कुलूचं वळण वेगळं: लांब, करवती कडांची, वळलेली पानं. त्या शैलीला ‘साझ’ म्हणतात.

सुरुवात इस्तंबूलच्या रुस्तेम पाशा मशिदीपासून करा. दरबारी वास्तुकार सिनानने बांधलेली ही मशीद लहान आहे, पण टाइल्स अगदी नजरेच्या उंचीवर. इस्तंबूलच्याच प्रसिद्ध निळ्या मशिदीत वीस हजारांहून जास्त टाइल्स आहेत खऱ्या, पण उत्तमातल्या बऱ्याचशा वरच्या सज्जात. रुस्तेम पाशात लाल रंग तिरक्या उजेडात बघा. लोहयुक्त मातीचा तो थर जाड असल्यामुळे वरच्या काचेसारख्या चकाकीच्या लेपाखाली किंचित फुगलेला दिसतो. असा लाल सुमारे १५५५ नंतरचा, म्हणजे काळ ओळखायलाही उपयोगी.

प्रतीकांतच रस असेल तर ‘चिंतामणी’ ही नक्षी घ्या. तीन गोळे आणि दोन नागमोडी पट्टे. नाव आपल्या ओळखीचं आहेच. गोळ्यांचा माग बौद्ध रत्नापर्यंत काढतात. ऑटोमन दरबारात मात्र गोळे बिबट्याचे ठिपके, पट्टे वाघाचे, म्हणून ही खूण बळाची आणि सत्तेची. सुलतानांच्या अंगरख्यांवरही ती सापडते. सायप्रसचं झाड बारमाही हिरवं, म्हणून चिरंतनाचं. तेच थडग्यांच्या दगडांवरही शोधा.