लॉकडाउनआधीची उधारी: मुदत संपली की नाही?

प्रश्न: इचलकरंजीत माझे यंत्रमाग आहेत, उद्योग आधार (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) 2016 चे. मुंबईच्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीकडून ग्रे कापडाच्या तीन बिलांचे 9,65,000 रुपये येणे आहे. ऑर्डरी वेगवेगळ्या होत्या. पहिले बिल 3,40,000 चे, पैसे 20 एप्रिल 2017 ला द्यायचे होते. दुसरे 4,15,000 चे, तारीख 10 जानेवारी 2020. तिसरे 2,10,000 चे, ऑक्टोबर 2020. दुसऱ्या बिलापोटी 25 फेब्रुवारी 2020 चा चेक मिळाला, पण “जरा थांबा” म्हणाले म्हणून भरला नाही. तोही तसाच पडून आहे. दावा लावायची तयारी केली आणि लॉकडाउन लागला. आता कंपनी म्हणते, तीन वर्षे उलटली, शिवाय कोविड म्हणजे दैवी आपत्ती, आम्ही काही लागत नाही. मित्र म्हणतो एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात ओढा. काय करू?

उत्तर: तुमचे पैसे बुडालेले नाहीत. पण पहिल्या बिलाच्या बाबतीत हातात फार दिवस नाहीत, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

विकलेल्या मालाच्या पैशासाठी दाव्याची मुदत तीन वर्षे, आणि उधारीची तारीख ठरलेली असेल तर ती त्या तारखेपासून मोजतात. म्हणजे पहिल्या बिलाची मुदत 20 एप्रिल 2020 ला संपणार होती, नेमकी लॉकडाउनमध्ये. सर्वोच्च न्यायालयाने 23 मार्च 2020 ला स्वतःहून दखल घेऊन मुदती थांबवल्या, पुढे त्यात वेळोवेळी भर पडली आणि 10 जानेवारी 2022 च्या आदेशाने शेवटचा हिशेब घालून दिला: 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीत धरायचाच नाही. या काळात ज्यांची मुदत संपली असती, त्यांना 1 मार्च 2022 पासून 90 दिवस मिळतात. मुळात शिल्लक राहिलेले दिवस त्याहून जास्त असतील तर तेवढे दिवस मिळतात. तुमचे 15 मार्च 2020 ला 36 दिवसच शिल्लक होते, म्हणून तुम्हाला 90 दिवस. ते या मे अखेरीस संपतात. आज एप्रिल 2022 चा दुसरा आठवडा चालू आहे.

त्यातच मे महिन्यात दिवाणी न्यायालयांना उन्हाळी सुट्टी. सुट्टीत मुदत संपली तर न्यायालय उघडल्या दिवशी दावा दाखल करता येतो, हा नियम खरा. पण आदेशाने मिळालेल्या या 90 दिवसांना तो लागू होतो का, यावर समोरचा वकील वाद घालणारच. तुम्ही त्या वादात पडूच नका.

आणखी एक अडसर आहे. तीन लाखांवरचा व्यापारी दावा थेट लावता येत नाही, आधी मध्यस्थीचा अर्ज करावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने गेल्या ऑक्टोबरातच हे बंधनकारक असल्याचे सांगितले. तातडीचा मनाई हुकूम हवा असेल तर सूट मिळते, पण पाच वर्षे थांबलेल्या कारखानदाराने एकाएकी घाई दाखवली तर न्यायाधीश हसतील. तेव्हा याच आठवड्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीतून वगळतात. कंपनी हजर झाली नाही की तसा अहवाल मिळतो. तो हाती येताच दावा दाखल करा.

दुसऱ्या बिलाची घाई नाही. थांबलेला काळ 716 दिवसांचा. 10 जानेवारी 2023 च्या पुढे तेवढे दिवस मोजलेत तर डिसेंबर 2024 चा शेवटचा आठवडा येतो. तिसऱ्या बिलाची तर मुदत 1 मार्च 2022 लाच सुरू झाली असे धरायचे.

ही दोन बिले मी न्यायालयात नेणार नाही. तुम्ही लघुउद्योजक आहात, तेही उत्पादक, आणि नोंदणी मालाच्या आधीची आहे. गेल्या जुलैत व्यापाऱ्यांनाही एमएसएमईत (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांत) घेतले, पण फक्त बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरते. आता सांगतो तो मार्ग त्यांना नाही, तुम्हाला आहे. एमएसएमईंच्या 2006 च्या कायद्याखाली सुविधा परिषदेकडे, म्हणजे थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे, समाधान या सरकारी पोर्टलवरून अर्ज करा. रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागते, तेही दरमहा चक्रवाढीने. सध्याचा (एप्रिल 2022 चा) बँक दर 4.25 टक्के आहे, म्हणजे 12.75 टक्के. विक्रेता जिथला, तिथल्या परिषदेला अधिकार असल्यामुळे मुंबईच्या फेऱ्याही वाचतात. निवाडा तुमच्या बाजूने लागला आणि त्यांना तो आव्हानायचा असेल, तर आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. तगाद्याच्या दहा नोटिसांनी होत नाही ते या एका अटीने होते. मात्र तिन्ही बिले एकाच चालू खात्यात लिहिली असतील तर दावे वेगळे करण्याआधी वकिलाला खातेवही दाखवा.

मित्राचा सल्ला जुना झाला. एनसीएलटीत जायला पूर्वी एक लाखाची थकबाकी पुरत असे. 24 मार्च 2020 पासून एक कोटी लागते. शिवाय 25 मार्च 2020 पासून वर्षभरात थकलेल्या पैशासाठी दिवाळखोरीचा अर्ज कधीच करता येत नाही, म्हणजे तुमचे तिसरे बिल तसेही बाद.

दैवी आपत्तीचे म्हणाल तर पहिली दोन देणी लॉकडाउनआधीच थकली होती आणि तिसरा माल कंपनीने लॉकडाउन उठल्यावर मागवला. केंद्राच्या अर्थ मंत्रालयाचे 19 फेब्रुवारी 2020 चे परिपत्रक ते दाखवतील. ते सरकारी खरेदीच्या करारांपुरते आहे. धंदा मंदावला म्हणून देणे अशक्य झाले असे कायदा मानत नाही.

चेक आता बँकेत टाकू नका. त्याचे तीन महिने मे 2020 मध्येच संपले. चेकची वैधता वाढवायला सर्वोच्च न्यायालयाने 10 जुलै 2020 ला नकार दिला होता, त्यामुळे चेक न वटल्याची 138 कलमाची केस होणार नाही. पण त्यावर सही आहे. देणे मान्य असल्याचा पुरावा म्हणून तो जपा.

पुराव्याचे शेवटचे. दुसऱ्या-तिसऱ्या बिलांची नोंद तुमच्या जीएसटी विवरणात आहे आणि कंपनीने त्यावर क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) घेतले असेल तर माल मिळालाच नाही असे तिला म्हणता येणार नाही. पहिले बिल जीएसटीच्या आधीचे. तिथे सगळी भिस्त डिलिव्हरी चलनावर आणि ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, आणि त्यांच्या गोदामातल्या माणसाची सही-शिक्का असलेली मूळ प्रत तुमच्याकडेच असली पाहिजे. उद्या दिवाणजीला घेऊन 2017 ची फाइल काढा.