वाचक विचारतात : मोबाईल, वायरलेस आणि पावसाळी हवा

प्रश्न : पावसात लाईट कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून घरातले सगळे मोबाईल दिवसभर चार्जिंगलाच असतात. मुलगा म्हणतो, बॅटरी खराब होईल. सासरे म्हणतात, महिन्यातून एकदा पूर्ण उतरवून भरावी. कोणाचं खरं? (एक वाचिका, गुहागर)

उत्तर : मुलाचं बरंचसं खरं आहे, सासऱ्यांचा सल्ला मात्र जुन्या निकेल-कॅडमियम सेलच्या काळातला. आजच्या मोबाईलमधला लिथियम-आयन सेल साधारण ४.२ व्होल्टला (काही नव्या सेलमध्ये थोडा वर) पूर्ण भरतो आणि तिथे मोबाईलच चार्जिंग थांबवतो. त्यामुळे तो ‘जास्त भरत’ नाही. बॅटरी झिजते ती भरलेल्या अवस्थेत तासन् तास गरम राहिल्यामुळे. व्होल्टेज जास्त आणि वर उष्णता, की आतलं रसायन हळूहळू विघटित होतं आणि क्षमता घटते.

रोजच्या वापरात २० ते ८० टक्क्यांच्या मध्ये ठेवलीत तर उत्तम. बऱ्याच फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची सोय सेटिंगमध्येच असते, ती चालू करा. चार्जिंग करताना जाड कव्हर काढा आणि फोन गादीवर किंवा उशीखाली ठेवू नका. वादळाचा इशारा आला की मात्र बिनधास्त १०० टक्के भरा. जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर दापोली-श्रीवर्धनकडच्या गावांत किती दिवस लाईट नव्हती, ते आठवत असेलच. अशा वेळी बॅटरीचं आयुष्य जपत बसायचं नसतं.

पूर्ण उतरवून भरायचा उपयोग एवढाच, की टक्क्यांचा आकडा चुकायला लागला (२५ टक्के दाखवत असताना फोन बंद पडला वगैरे) तर एखाद्या वेळी तो ताळ्यावर येतो. तरीही पडत राहिला तर दोष आकड्याचा नाही, सेल थकलाय.

प्रश्न : १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी. होडी शाकारली की हातातला वायरलेस सेट पेटीत जातो. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये बाहेर काढला तर चार्जरवर दिवाच लागेना. चार्जिंगच्या पट्ट्यांवर हिरवं काहीतरी जमलं होतं. (एक मच्छीमार वाचक, हर्णे)

उत्तर : यात दोन वेगवेगळे बिघाड आहेत.

पहिला खाऱ्या हवेचा. हिरवं दिसतं तो तांब्याचा गंज. सेट ओला असताना चालू चार्जरमध्ये बसवला, की पट्ट्यांमधल्या खाऱ्या ओलीतून वीज वाहते आणि धन बाजूची पट्टी खाल्ली जाते. दुरुस्तीला येणाऱ्या सेटमध्ये बॅटरी ठीक आणि पट्टी गेलेली, असं पुष्कळदा आढळतं. म्हणून सेट जलरोधक असेल तर बंदरात आल्यावर बॅटरी बसवलेली आणि सगळी झाकणं बंद ठेवून गोड्या पाण्याने धुवा, पुसा, मग बॅटरी काढून दोन्हीकडच्या पट्ट्या कोरड्या करा आणि त्यानंतरच चार्जरमध्ये ठेवा. गंज आलाच असेल तर चार्जरची पिन भिंतीतून काढा. कान साफ करायची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पट्ट्या घासा. हट्टी डाग खोडरबराने जातात. पॉलिशपेपर नको; वरचा पातळ मुलामा निघून जातो आणि मग गंज दुप्पट वेगाने येतो.

दुसरा बिघाड उतरलेल्या बॅटरीचा. रिकामीच ठेवलेली बॅटरी दोन महिन्यांत आणखी उतरते, कारण सेल आपोआप थोडा उतरतोच, शिवाय सेटला जोडून राहिली तर सेटही थोडी वीज पीत राहतो. व्होल्टेज सुमारे अडीचच्या खाली गेलं की आतलं संरक्षक सर्किट बॅटरी तोडतं आणि चार्जरला ती दिसतच नाही. काही कारागीर बाहेरून थेट करंट देऊन ती ‘उठवतात’. तसं करून घेऊ नका. इतक्या खाली गेलेल्या सेलमध्ये तांबं विरघळून आत शॉर्ट होऊ शकतो आणि भरताना तो पेटू शकतो. नवी बॅटरी घ्या.

यंदा ठेवताना बॅटरी सेटवरून काढा. चार कांड्या दाखवणारा सेट असेल तर दोन कांड्यांवर, म्हणजे ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाकून डबा घरातल्या थंड जागी ठेवा, पत्र्याच्या शेडमध्ये नको. जुलैच्या सुरुवातीला एकदा बघा. एकच कांडी उरली असेल तर पुन्हा निम्मी भरा. पूर्ण भरायची ती समुद्रात जायच्या आदल्या रात्री.

प्रश्न : दहा हजार एमएएचची (हे बॅटरीच्या साठ्याचं माप) पॉवर बँक घेतली. माझ्या पाच हजार एमएएचच्या फोनला दोनदा पुरायला हवी ना? सव्वा वेळेत संपते. फसवलं का? (एक वाचक, देवगड)

उत्तर : बहुधा नाही. १०,००० एमएएच हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा, म्हणजे ३७ वॉट-तास. बाहेर ५ व्होल्टने देताना त्याचे ७,४०० होतात आणि रूपांतरात साधारण १५ टक्के उष्णतेत जातात, म्हणजे उरले सहा हजार तीनशेच्या आसपास. तुमचा अनुभव अगदी हिशोबातला आहे.

प्रश्न : फोनची मागची काच वर आली आहे, फोन मात्र चालतो. वापरू का? (एक वाचिका, मालवण)

उत्तर : नको. आत वायू साठून बॅटरी फुगली आहे. चार्जिंग ताबडतोब बंद करा, फोन बंद करा, काच दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, टोचू तर मुळीच नका. लाकूड, कागद, गवत यांपासून लांब, फरशीवर किंवा कोरड्या वाळूच्या घमेल्यात ठेवा आणि लवकरात लवकर सेवा केंद्रात द्या. भंगारवाल्याला देऊ नका, कचऱ्यातही टाकू नका. गाडीत दाबली गेली तर पेटते. जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे, हे दुकानदाराला सांगायला हरकत नाही. बदली बॅटरी घेताना तिच्यावर ‘आयएस १६०४६’ हा मानक क्रमांक छापलेला आहे का तेवढं पाहा.